जुळलेली उत्तरे

"ताई, काच डोळ्याला नीट टेकवा. नुसत्या डोळ्याने आत बघायचं नाही. दुसरा डोळा मिटा."

"मिटला, काका," समोरची मुलगी म्हणाली.

आवाज ओळखीचा वाटला म्हणून भट्टीवाल्याने रुमालाने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिले. सकाळपासून झरोक्याचे लोखंडी झाकण त्याने इतक्या वेळा उघडले आणि मिटले होते, की आगीचा तो पांढरा चौकोन आता जिकडे पाहावे तिकडे त्याच्याबरोबर फिरत होता, आणि माणसाचा चेहरा जिथे असायला हवा नेमका तिथे येऊन बसत होता. चौकोन हळूहळू विझला. त्याच्या जागी त्याची स्वतःची मुलगी उभी होती. एका डोळ्याला निळी काच, दुसरा मिटलेला, आणि ओठांच्या कडेला दाबून धरलेले हसू.

"अगं, तू होय!"

"मी केव्हाची रांगेत आहे. माझ्या पुढच्या आजींनाही तुम्ही हेच सांगितलंत. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"पोटच्या पोरीला ताई म्हणालात," मागून बायको म्हणाली. "आता मला निदान वहिनी तरी म्हणा."

रांग हसली. भट्टीवालाही हसला, कारण हसण्यावारी नेण्याजोग्या गोष्टी हसण्यावारी न्याव्यात हे त्याला एवढ्या वर्षांत जमले होते. मुलीने काच पुढच्या माणसाच्या हाती दिली, आणि पुढच्या माणसाला तो म्हणाला, "दादा, काच डोळ्याला नीट टेकवा."

त्या वर्षी व्यवस्थापनाला असा शोध लागला होता की कामगारांना कुटुंबे असतात. शोध त्यांचा स्वतःचा नव्हता. कुणी तज्ज्ञ येऊन दोन दिवस बोलून गेला होता, आणि ज्याचे घरी बरे चालले आहे तो माणूस बाटल्या कमी फोडतो, असे त्याने पडद्यावर रेघा दाखवून सिद्ध केले होते. वाळू, सोडा आणि चुन्याच्या बरोबरीने अशा रीतीने कुटुंब हाही काचेचा कच्चा माल ठरला. कच्चा माल म्हटल्यावर तो कारखान्याच्या आवारात आणला पाहिजे, हे ओघानेच आले. मग आठवड्याच्या सुट्टीचा दिवस, म्हणजे ज्या एका दिवशी माणसे आपल्या कुटुंबात असतात नेमका तोच, 'कुटुंब दिन' म्हणून मुक्रर झाला. हजेरी सक्तीची करण्यात आली. आणि फाटकावर कापडी फलक लागला : काम आणि कुटुंब, दोन्ही आपले डोळे. त्याच फलकाखालून आत गेल्यावर एक डोळा मिटून पाहायला सांगणारा माणूस उभा होता, ही विसंगती कुणाच्या लक्षात आली नाही. ज्यांच्या लक्षात यायला हवी होती त्यांना फलकच पुरेसा होता.

या दिवसासाठी भट्टीवाल्याने महिनाभर आधी रजा मागितली होती. मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने दूरच्या शहरी निघायची होती. पाणी तपासण्याच्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती, आणि निघण्याआधीचा हा एक दिवस तू म्हणशील तसा घालवू, असे त्याने तिला कबूल केले होते. कबुली फार मोठी नव्हती. सकाळी बाजारातून तिच्यासाठी चांगली बॅग घ्यायची, दुपारी घरी बसायचे, एवढाच बेत होता. रजेचा कागद घेऊन तो ज्या अधिकाऱ्यापुढे उभा राहिला त्याला कामगार 'टाळ्यासाहेब' म्हणत, कारण कोणतेही वाक्य टाळी मागितल्याशिवाय संपवणे त्याला जमत नसे.

"अहो, रजा कशाला?" टाळ्यासाहेब मनापासून चकित झाला होता. "कुटुंबासाठीच तर आहे ना हा दिवस! घेऊन या सगळ्यांना."

"पण मी भट्टीवर असणार, साहेब."

"तुम्ही भट्टीवर, ते तुमच्यासमोर. आणखी काय पाहिजे? मधे तासभर मोकळीक देतो, स्टेजवर या."

भट्टी बंद करता येत नाही हे खरे होते, आणि टाळ्यासाहेबाच्या बोलण्यात तेवढेच खरे होते. काचेची भट्टी एकदा पेटली की तिचे आयुष्य सरेपर्यंत विझवत नाहीत. विझवली तर आतला रस गोठतो, विटा तडकतात, आणि सगळा संसार पाडून नव्याने मांडावा लागतो. म्हणून तिच्याजवळ रात्रंदिवस कुणीतरी जागे लागते. भट्टीवाल्याला संध्याकाळी सोडवायला येणारा माणूसही आज बायकापोरांसह उत्सवाला आला होता. उत्सव ही नियमाप्रमाणे हजेरीच असल्याने त्याला त्यापुढे विश्रांती देणे भाग होते. तेव्हा भट्टीवाल्याने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबावे असे ठरले. निर्णय कुटुंब दिनाच्या पूर्वतयारीच्या बैठकीत एकमताने झाला.

कामगार भट्टीला 'म्हातारी' म्हणत. बायको म्हणे, "म्हातारी झाली तरी सवत ती सवतच."

म्हातारी पेटवली तेव्हा मुलगी चौथीत होती. त्याआधी तो बाटल्या तपासण्याच्या खात्यात होता. उजेडासमोरून बाटल्या सरकत जात, तो त्यांतली डागाळलेली उचलून बाजूला टाके, आणि संध्याकाळचा भोंगा झाला की घरी जाई. मुलीला सकाळी सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडणे त्याच्याकडे होते, आणि त्या वाटेवर ती इतके बोले की शाळा आली तरी वाक्य अर्धेच राही. उरलेले ती दुसऱ्या दिवशी त्याच शब्दापासून पुढे सुरू करी. मग नवी भट्टी उभी राहिली आणि डोळा चांगला म्हणून त्याला तिच्यावर नेमले. पगार वाढला, अंगावर जाड कोट आला, घरात फोन आला. पाळ्या फिरत्या झाल्या. नीट झोप व्हावी म्हणून नवा पलंगही आला. तेव्हापासून बाप घरातून नाहीसा झाला असे कुणालाही म्हणता आले नसते. तो घरीच असे, फक्त झोपलेला असे. "हळू, बाबा झोपलेत," हा त्या दोन खोल्यांचा कायदा झाला. मुलगी हळू हसायला शिकली, पाठांतर ओठांतल्या ओठांत करायला शिकली. रडतही असेल तर तेही त्याच पट्टीत. पूर्वी ती त्याला अरे-तुरे करी. अहो-जाहो केव्हापासून करू लागली, ते त्याला सांगता आले नसते.

दुपारी मामा आला. मामा म्हणजे भट्टीवरचा त्याचा मदतनीस. निवृत्तीला टेकलेला, एका कानाने बहिरा.

"जा तू. तासभर सांभाळतो मी म्हातारीला."

"ज्वाळेवर लक्ष ठेव."

"तुझ्या आधीपासून ठेवतोय. पळ, पोरगी वाट बघत असेल."

मंडप मालगोदामात घातला होता. बाटल्यांचे खोके भिंतीला सरकवून मधे खुर्च्या मांडल्या होत्या आणि टाळ्यासाहेब ध्वनिक्षेपक घेऊन मंचावर येरझाऱ्या घालत होता. खेळाचे नाव होते 'ओळखा आपल्या माणसाला'. कामगार आणि त्याच्या घरचे कुणीतरी, अशा दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचे, हातात पाटी घ्यायची, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एकमेकांना न दाखवता लिहायचे. उत्तरे जुळली की टाळ्या. जुळली नाहीत की हशा, आणि हशाच जास्त होत होता. हिशेबनीसाने बायकोचा आवडता रंग लाल लिहिला. तिच्या पाटीवर हिरवा होता. ती हिरवीच साडी नेसून बसली होती. माणसे पोट धरून हसली, हिशेबनीसही हसला, आणि बायकोजवळच्या खुर्चीवर परत बसताना त्याने चष्मा उगीचच पुसला.

"आणि आता," टाळ्यासाहेब गरजला, "या कारखान्याचं काळीज सांभाळणारा माणूस! आपले भट्टीवाले! टाळ्या!"

भट्टीवाला जागचा हलला नाही. मुलगी उठली आणि तिने त्याच्या बाहीला धरले.

"नको गं," तो हळूच म्हणाला. "शोभा होईल."

"नाही होणार."

"मला काय येतंय? हिशेबनीसाचं काय झालं बघितलंस ना?"

"बाबा, ऐका. विचारलं की तुम्हाला जे पहिलं आठवेल ते लिहायचं. विचार करायचा नाही. अगदी पहिलं."

तिच्या सांगण्यात एवढी खात्री होती की तो उठला. बायको मात्र मुलीकडे निरखून पाहत राहिली.

दोघे पाठीला पाठ लावून बसले. तिच्या पाठीची ऊब कोटाच्या जाडीतून कळत नव्हती. वेणी मात्र त्याच्या मानेला लागत होती.

"पहिला प्रश्न. मुलीचा आवडता रंग?"

त्याने पहिले आठवले ते लिहिले. पिवळा. तिच्या पाटीवरही पिवळा होता. टाळ्या झाल्या.

"जिवाभावाची मैत्रीण?"

हे सोपे होते. शेजारच्या बिऱ्हाडातली, जिला सगळे चिमणी म्हणत. पुन्हा जुळले.

"अजिबात न आवडणारी गोष्ट, खाण्यातली?"

दुधावरची साय. साय दिसली तर ही कप तसाच ठेवून उठायची. त्याने 'साय' लिहिले आणि मागे खडूचा आवाज ऐकला. तिकडचा शब्दही छोटाच असावा. मंडपात आता शिट्ट्या वाजू लागल्या. "अरे वा! भट्टीवाले!" कुणीतरी ओरडले. हिशेबनीस मान वर करून बघत होता.

"मुलीला सर्वांत जास्त भीती कशाची?"

विजेच्या कडकडाटाची. जुळले.

गेल्या कित्येक वर्षांत भट्टीवाल्याला जे वाटले नव्हते ते आता वाटू लागले. ते नेमके काय होते हे त्याने स्वतःलाही सांगितले नसते, पण त्याचा अर्थ असा होता की आपले काही हरवलेले नाही. पाळ्या झाल्या, झोपा झाल्या, पोर वाढली; तरी जे माहीत असायला हवे ते आपल्यापाशी जसेच्या तसे आहे. बाप म्हणून आपण उत्तीर्ण आहोत, आणि तेही चारचौघांत. त्याची मान ताठ झाली. खडू त्याने हातात घट्ट धरला.

"शेवटचा प्रश्न! आणि हा जुळला तर आजचं पहिलं बक्षीस. मुलगी रागावली की काय करते?"

त्याने विचार केलाच नाही. मोठ्या अक्षरांत लिहिले आणि पाटी वर धरली. टाळ्यासाहेबाने वाचले : "पलंगाखाली जाऊन बसते." मग पलीकडे जाऊन तिची पाटी वाचली : "पलंगाखाली जाऊन बसते."

गोदामाचे पत्रे थरथरतील असा हशा उठला. नोकरीला निघालेली, बापाच्या कानाला लागेल एवढी उंच मुलगी पलंगाखाली बसते! टाळ्यासाहेबाने ध्वनिक्षेपक तिच्यापुढे धरला. "खरं की काय? अजूनही?"

"अजूनही," ती शांतपणे म्हणाली. "आमचा पलंग उंच आहे."

भट्टीवालाही हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांसमोर तो पलंग आला, ज्यावर तो दिवसाढवळ्या खिडक्या लावून झोपत आला होता. पेटीचा पलंग. जमिनीला चिकटलेला, आत रजया आणि जुने कपडे भरलेले. भट्टी पेटली त्याच साली आला होता तो, त्याच्या झोपेसाठी. त्या पलंगाखाली झुरळालासुद्धा बसता आले नसते.

तो हसायचा थांबला. थांबल्यावर त्याला समोर बायको दिसली. सगळ्या मंडपात न हसणारी ती एकटीच होती. मग एकामागून एक उत्तर, जसे जुळले होते तसेच, उसवत गेले. त्याने जे जे लिहिले होते ते चौथीतल्या एका पोरीविषयी लिहिले होते. आणि पाठीमागे बसलेल्या बाईने, आपल्याविषयी याला काय माहीत आहे आणि ते कोणत्या साली थांबले आहे, याचा हिशोब चुकू न देता तीच पोर पुन्हा पाटीवर काढून दिली होती. त्याच्या अज्ञानाचा एवढा बिनचूक नकाशा दुसऱ्या कुणापाशी नव्हता, त्याच्यापाशीही नव्हता.

बक्षीस म्हणजे समुद्रकाठच्या एका विश्रामगृहात संपूर्ण कुटुंबाला दोन दिवसांचा मुक्काम. "तारीख अर्थात भट्टीच्या सोयीने ठरवू," टाळ्यासाहेबाने जाहीर केले, आणि दोघांच्या छातीवर 'आदर्श कुटुंब' असे छापलेली कागदी फुले टोचली. "टाळ्या!"

तास संपत आला होता. गोदामापासून भट्टीपर्यंत मोकळे आवार होते आणि आवाराच्या टोकाला जमिनीवर पिवळा पट्टा ओढलेला होता. दर्शनाची वेळ सकाळीच संपली होती. आता त्या पट्ट्यापलीकडे घरच्यांना मनाई होती. कुटुंबांना परत नेणाऱ्या बस फाटकाशी उभ्या होत्या. बायको मुद्दाम मागे राहिली, कुणाशी तरी बोलण्याचे निमित्त करून. बाप आणि मुलगी आवारातून चालू लागली.

"पलंगाला खाली जागाच नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आणि चिमणी?"

"ती लोकं गेली इथून. मी पाचवीत होते. ती निरोप घ्यायला आली होती, तुम्ही झोपला होतात. आम्ही दोघी जिन्यात बसलो मग."

"साय?"

"साय आता आवडते." ती हसली. "चहात मुद्दाम घालून घेते. आई ओरडते."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"काय सांगायचं, बाबा? उठवून? की उठा, मला साय आवडायला लागली?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि हेच त्याला सोसवेना. तक्रार असती तर उत्तर देता आले असते. पोटासाठी करतो म्हणता आले असते, तुझ्या शिक्षणाला कुठून आले असे विचारता आले असते. ही वाक्ये त्याच्याकडे वर्षानुवर्षे तयार होती आणि एकदाही वापरायला मिळाली नव्हती.

"मग लिहिलंस का तसं?"

"त्या टाळ्यावाल्याला तुमच्यावर हसू द्यायचं नव्हतं." ती म्हणाली, "आधी तुम्हाला इथे अडकवलं, आणि वर तुमचीच परीक्षा घेतोय."

पट्टा आला. दोघे थांबली. फाटकाकडून पहिल्या बसचा कर्कश भोंगा वाजला.

"आता विचारा ना," ती म्हणाली. "बस सुटेपर्यंत वेळ आहे. खरं सांगते, काय हवं ते."

त्याने तिच्याकडे पाहिले. तिच्या भुवईजवळ एक बारीक व्रण होता, तो केव्हाचा, हे विचारावेसे वाटले. पण तो आईला माहीत असलेला, कधीचाच सांगून झालेला असेल. कशाला भितेस आता, हे विचारावेसे वाटले, आणि तिने खरेच सांगितले तर आपण काय करणार, ते कळेना. डाग धरायला त्याला उजेड लागे आणि बाटली समोरून सावकाश सरकत जावी लागे. इथे दोन्ही नव्हते. शेवटी तो म्हणाला,

"जेवलीस का?"

"हो, बाबा."

"नीट जेवलीस?"

"नीट."

तिने हात पुढे करून त्याच्या कोटावरचे कागदाचे फूल काढून घेतले. "हे पेट घेईल आत," ती म्हणाली, आणि स्वतःच्या फुलाबरोबर ते मुठीत ठेवले. दुसरा भोंगा वाजला. बायको फाटकाशी हात हलवून बोलावत होती. मुलगी चालू लागली, मग वळून म्हणाली, "पोचले की फोन करीन. तुमची पाळी बघून."

बस वळणाआड जाईपर्यंत थांबण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हता. तो आत गेला.

मामा झरोक्यापाशी स्टूल टाकून बसला होता. "काय रे, कसा झाला कार्यक्रम?"

"पहिलं बक्षीस."

"काय?"

"पहिलं बक्षीस!" तो मामाच्या चांगल्या कानाशी ओरडला.

"वा! म्हणजे पोरगी खूश असेल."

भट्टीवाल्याने कोटाची बटणे लावली. "विचारायचं राहिलं," तो म्हणाला. पण हे त्याने ओरडून सांगितले नाही, त्यामुळे मामा नुसता हसून मान डोलावत निघून गेला.

निळी काच खिळ्याला टांगलेली होती. त्याने ती काढली आणि सवयीने बाहीने पुसायला घेतली, तेव्हा उजेडात तिच्यावरचे ठसे दिसले. सकाळपासून रांगेतल्या प्रत्येकाने ती हातात धरली होती. लहान पोरांचे, म्हाताऱ्यांचे, तेलकट, घामट, एकावर एक उमटलेले. त्यांतला एक तिचा होता. कोणता, ते ओळखायचा त्याने प्रयत्न केला. मग काच न पुसताच डोळ्याला लावली, दुसरा डोळा मिटला, आणि झाकण उघडले.